रेवतीची नववी

लोकांचे ऋतू तीन असतील, आमच्या घरात दोनच. एक गणवेशाचा आणि दुसरा गणवेश नसलेला. मे उजाडला की घरभर निळं-पांढरं कापड पसरतं. जेवायला बसायचं तर आधी सलवारींचे ढीग उचलावे लागतात, आणि भाजीत दोरा निघाला तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. सोलापूरचा उन्हाळा सोलापूरकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. दुपारी मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसतो, कूलर बाहेरची धग आत आणून टाकतो. तरी हा हंगाम मला आवडत आला आहे, कारण या दिवसांत घरी पोरं येतात.

पोरं मापं द्यायला येतात. वर्षभरात कोण किती वाढलं ते त्यांच्या आयांच्याही आधी माझ्या टेपला कळतं. आया कुरकुरत बसलेल्या असतात. "बघा की, मागच्याच साली शिवलेली सलवार, घोट्याच्या वर गेली." तोंडानं तक्रार चाललेली असते आणि डोळ्यांतलं कौतुक काही लपत नाही. माझ्याकडे काज-बटणं करणारी नरसम्मा म्हणते, "वाढायलीया म्हणून रडायलीस व्हय? वाढली नसती तर काय केलं असतीस?"

नरसम्मा हे आता बोलत नाही. निदान रेवती समोर असली तर नाही बोलत.

रेवती परवा आली. दरवर्षी येते तशीच, भर दुपारी, हातात कापडाची पिशवी. "काकू, नववीचा गणवेश." मी टेप उचलला. खरं तर तिची मापं मला झोपेतही सांगता येतील. पण टेप लावला नाही तर तिचा चेहरा पडतो, म्हणून लावते. खांदा तेवढाच, उंची तेवढीच, मनगटही तेवढंच. मी मान हलवते आणि ती विचारते, "काही फरक?" मी दरवर्षी तेच सांगते, "बघू की, शिवताना कळंल."

रेवती कोण ते सांगायला हवं. कुठल्याशा संशोधन संस्थेनं तिला घडवलं, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसारखं, आणि आमच्या शाळेत नववीत आणून बसवलं. साध्या शाळेत, साध्या मुलीसारखी राहिली तर ती काय काय शिकते, हे त्यांना बघायचं होतं. अशांना अँड्रॉइड म्हणतात, हे गौरीनं सांगितलं. गौरी माझी मुलगी, तेव्हा नववीतच होती. नरसम्मा म्हणाली, "ते तर माज्या जावयाच्या फोनचं नाव हाय." राहायला ती जुळे सोलापुरात, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे. रोज सकाळी इतर पोरांबरोबर रिक्षात कोंबून यायची आणि कोंबूनच जायची. यंत्र म्हणजे गणितात शंभरपैकी शंभर, असं आम्हाला वाटलं होतं. कसलं काय! संस्थेनं पाटी कोरीच दिली होती, शिकेल ते वर्गात बसूनच. पहिल्या चाचणीत तिला गौरीपेक्षाही कमी मार्क पडले. गौरीला इतका आनंद झाला की त्याच दिवशी तिनं रेवतीशी मैत्री करून टाकली.

तिचा पहिला गणवेश माझ्याकडेच आला. मानेमागं, केस सुरू होतात तिथं, तिची चार्जिंगची जागा आहे. तेवढ्यापुरती कॉलरला मागं फट ठेवून मी टिचबटण लावलं. बाकी सगळं इतर पोरींसारखं. अगदीच इतर पोरींसारखं, हीच गंमत झाली. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. शाळेच्या पोरांचं शिवायचं तर बाजूला भरपूर माया सोडायची, खाली दुमड मोठी घालायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून तोच कपडा वाढवता येतो. वाढत्या अंगाचं शिवायचं, हे माझ्या हातांना इतकं ठाऊक आहे की डोक्याला विचारतच नाहीत. रेवती कपडे घालून बघायला आली, तिनं कमीजची कड उलटी केली आणि म्हणाली, "काकू, इथं कापड जास्त आहे."

"ऱ्हाऊ दे की. वाढत्या अंगाचं हाय. पुढच्या साली सोडू."

बोलून गेले. गौरीनं मागून दंडाला चिमटा काढला. नरसम्माची सुई थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रेवती ती दुमड दोन बोटांत धरून बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पुढच्या वर्षी मी यायचं?"

"येणार न्हाईस तर कुटं जाणार?"

तिला हसायला जरा वेळ लागायचा, पण हसली की छान हसायची. त्या दिवशी हसली.

मग ते वर्ष. त्याची सरळ गोष्ट काही सांगता येत नाही, तुकडे तेवढे आठवतात. तिचा डबा. ती खायची नाही, पण सगळ्या मुली डबा आणतात म्हणून तीही आणायची. बाई रोज भरून द्यायच्या, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि तो गौरी आणि तिच्या मैत्रिणी फस्त करायच्या. रेवती रिकामा डबा घरी नेऊन बाईंना सांगायची, "आज चटणी तिखट होती म्हणे." शाळा सुटल्यावर आमच्याकडे येऊन बसायची. उन्हानं तिची पाठ तापायची, हात लावला तर तव्यासारखी. मग पंख्याखाली पाठ करून बसायची आणि गौरी तिच्या वेण्या घालायची. तेच केस, तेवढेच लांब. गौरी म्हणायची, "आई, हिला केस कापायची कटकटच नाही बघ."

एकदा दोघींचं भांडण झालं. कशावरून ते आता दोघींनाही आठवणार नाही, असं लिहिणार होते. पण ते अर्धंच खरं आहे. गौरीला आठवणार नाही. गौरी तोंड फिरवून बसली, आणि रेवती माझ्याकडे आली. मी माप घेत होते, तर शेजारी उभी राहून म्हणाली, "काकू, अबोला धरला की आधी कुणी बोलायचं असतं?"

"ज्याला जास्त करमत नाही त्यानं."

"मग मी," म्हणाली, आणि आत गेली. थोड्या वेळानं दोघींचं खिदळणं बाहेर ऐकू आलं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत दोघी मोठ्या पाळण्यात बसल्या. खाली उतरल्यावर गौरी ओकली आणि रेवती तिची पाठ चोळत म्हणाली, "मला का नाही होत?" तिच्या आवाजात हेवा होता. मला तेव्हा हसू आलं होतं.

आणि मग तो मे. माझ्या आठवणीतला हंगाम म्हणजे तोच, बाकीचे आले नि गेले. नववीचा निकाल लागला, दोघी पास. आमच्या शाळेत दहावीच्या मुलींची ओढणी लाल असते, बाकी सगळ्यांची निळी. लाल ओढणी अंगावर आली की शिक्षकही जरा जपून बोलतात, आणि मुली उगाचच चष्म्यावरून बघितल्यासारखं बघायला लागतात. रेवती निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लाल कापड घेऊन आली. बाईंच्या मागं लागून तिनं ते आणवलं होतं. मी दोन्ही ओढण्यांना पिको करून दिला आणि दोघी आमच्या कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सारख्या दिसायलोय का गं?" गौरीनं विचारलं.

दिसत नव्हत्या. गौरीनं त्या वर्षात अशी काही उंची काढली होती की तिच्या सगळ्या कपड्यांच्या दुमडी मला सोडाव्या लागल्या. रेवती आता तिच्या कानापर्यंतच पोचत होती, आदल्या वर्षी दोघींचे खांदे एका रेषेत होते. रेवतीनं आरशात वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, माझी पण दुमड सोडा."

"तुला नीट बसतोय की. कशाला?"

"गौरीची सोडली की तुम्ही. माझी पण सोडा."

मी सोडली, बाजूची मायाही सोडली. कमीज गुडघ्याच्या पार खाली आला, खांद्यावरून ओघळल्यासारखा दिसायला लागला. तिला तो फार आवडला. ती तो तसाच घालून रिक्षात बसून घरी गेली. नरसम्मा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाली, "वाढत न्हाय म्हणून काय झालं, पोरगीच हाय की शेवटी."

आठवड्याभरानं बाई आल्या. आत बसा म्हटलं तर बसेनात, दारातच चपलांशी चाळा करत उभ्या. रेवती गौरीबरोबर आतल्या खोलीत पुस्तकांना कव्हरं घालत होती. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "दहावीचं जमत नाही हो. बोर्डाच्या फॉर्मला जन्माचा दाखला लागतो. मी ऑफिसात सांगून पाहिलं, संस्थेनं बनवल्याची तारीख आहे, कागद आहे. ते म्हणाले, बाई, बनवल्याची नको, जन्माची पाहिजे." मग म्हणाल्या, "आणि संस्थेचंही तेच म्हणणं. त्यांना ती नववीतच हवी आहे. दर वर्षी नवा वर्ग, त्याच वयाची मुलं. त्यासाठीच तर केली ना तिला."

मला राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून बाईंवरच आला. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय? लाल कापड घेऊन कशाला दिलंत?" बाईंनी मान खाली घातली. त्यांना मूलबाळ नाही. त्यांचा चेहरा पाहून मग माझी मलाच लाज वाटली.

आतून कव्हरांचा आवाज बंद झाला होता. रेवती दारात येऊन उभी राहिली. तिनं बाईंना विचारलं, "मी नापास झाले का?"

"नाही गं बाळा. पास आहेस तू."

"नापास झाले असते, तर पुढच्या वर्षी पास होऊन जाता आलं असतं?"

तिच्या मागं आलेली गौरी ढसाढसा रडायला लागली आणि रेवती तिची पाठ चोळायला लागली, जत्रेतल्यासारखी. लाल ओढणी तिनं स्वतःच्या हातानं घडी करून गौरीला दिली. गौरीनं दहावीचं सगळं वर्ष त्या दोन ओढण्या आलटून-पालटून वापरल्या.

शाळा उघडली त्या सकाळी उरलेले गणवेश पोचवायला मी गेले होते. प्रार्थनेच्या रांगा लागल्या होत्या. नववीच्या रांगेत, अनोळखी पोरींमध्ये, निळी ओढणी घेऊन रेवती उभी होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हिचेच उघडे, दहावीच्या रांगेकडे लागलेले. गौरीनं डोळे किलकिले करून हात हलवला. सुरुवातीला दोघी मधल्या सुट्टीत भेटायच्या. मग गौरीची शिकवणी लागली, जादा तास सुरू झाले, दहावीच्या दहावीतच मैत्रिणी झाल्या. गड्ड्याला ती त्यांच्याबरोबर गेली. यात गौरीचं काही चुकलं असं मी कसं म्हणू? माझ्याही लहानपणच्या एका मैत्रिणीचा चेहरा आठवायला आता मला फार वेळ लागतो. पुढचा बाक आला की मागचा बाक मागं पडतो. पोरं अशीच वाढतात, आणि वाढावं म्हणून तर आपण नवस बोलतो.

त्यानंतर रेवती दर मेमध्ये आली. दर मेमध्ये नववीचा गणवेश. मधल्या वर्षांत तिच्यासोबत वेगवेगळ्या मुली यायच्या. कधी बार्शीहून बदली होऊन आलेल्या कारकुनाची बडबडी पोर, कधी मोहोळहून मामाकडे शिकायला राहिलेली लाजरी. रेवती तिच्या मैत्रिणीचं माप मोठ्या उत्साहानं घ्यायला लावायची. पुढच्या वर्षी ती मैत्रीण लाल ओढणीच्या पिकोसाठी आपल्या आईबरोबर यायची, आणि रेवती एकटी. गौरी कॉलेजला पुण्याला गेली. रेवती आली की तिची चौकशी करायची. गौरी जेवते का, तिला तिथलं पाणी मानवतं का, केस कापले का. मी सांगायची आणि ती लक्ष देऊन ऐकायची. मला वाटायचं, लाघवी पोर आहे, रीत म्हणून विचारते.

परवा माप घेऊन झालं तरी ती उठेना. यंदा सोबत कुणी नव्हतं. पंख्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "काकू, संस्थेचे लोक दर मेमध्ये येतात ना, ते मला एक विचारतात. मागचं वर्ष ठेवायचं की काढून टाकायचं. काढलं की नववी पुन्हा नवी. तुम्हाला कधी सांगितलं नाही मी."

"मग तू काय सांगतीस?"

"ठेवा म्हणते. दर वर्षी." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "सगळ्या आहेत काकू माझ्याकडे. गौरी आहे, बार्शीची आहे, मोहोळची आहे. सगळ्या अजून नववीतच आहेत. कालच्यासारख्या. आणि बाहेर कधी भेटल्या तर मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागतो. मग म्हणतात, अगं, तू होय! आणि घाईत असतात." मग म्हणाली, "मला लई जड व्हायलंय. यंदा मी काढा म्हणालेय. सगळंच. पहिल्यापासून. शुक्रवारी येणार आहेत."

मशीन कधीच थांबलं होतं. नरसम्मा पदर डोळ्यांना लावून उठून मागं गेली.

"पण तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार," रेवती म्हणाली. "बाई म्हणतात, तुझं तू ठरव. म्हणून तुम्हाला विचारायला आले."

मला नको म्हणायचं होतं. खरं सांगते, अगदी ओठावर आलं होतं. माझ्या गौरीची ती नववी, वेण्या, भांडणं, पाळणा, ते सगळं जसंच्या तसं या जगात कुणाकडे असेल तर ते या पोरीकडेच आहे. गौरीकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. ते तिनं जपून ठेवावं, मला हवं तेव्हा मला सांगावं, हा माझा लोभ होता. आपल्याला विसरायला कुणाची परवानगी लागत नाही. आपण रोज थोडं थोडं विसरतो, त्याच्या जोरावर तर जेवतो, झोपतो. हिला कुणी ते शिकवलंच नव्हतं, आणि आम्ही सगळ्यांनी आपापलं ओझं हिच्याकडे ठेवायला दिल्यासारखं ठेवून दिलं होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ऊन होतं डोकं.

"कर बाळा," मी म्हणाले. "हलकी हो."

ती उठली, वाकून माझ्या पाया पडली, मागं जाऊन नरसम्माच्याही पडली आणि रिक्षा थांबवून गेली.

संध्याकाळी गौरीचा फोन आला. मी म्हटलं, "आज रेवती आली होती."

"कोण रेवती?" मग लगेच, "अय्या, ती! अजून नववीतच आहे का गं?" हसली. मग म्हणाली, "आई, ती माझ्या वेण्या बघून हसायची ते आठवतं बघ मला."

वेण्या गौरी घालायची, रेवतीच्या. गौरी म्हणाली, "रविवारी करते तिला फोन. नंबर दे मला." मी नंबर दिला. शुक्रवारचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. गौरीची परीक्षा चालू आहे.

इथवर गुरुवारी लिहून ठेवलं होतं. गणवेश मी वेळेवर शिवून ठेवला. आज शनिवार. दुपारी ती आली, बाई रिक्षाजवळच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. रेवती दारात थांबली. पूर्वी कधी थांबली नव्हती. चपला काढाव्यात की नाही अशा विचारात होती.

"नमस्कार. माझा गणवेश इथं शिवायला टाकला आहे असं बाई म्हणाल्या."

"ये की आत," मी म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलींच्या चेहऱ्यावर असतो तेवढा बुजरेपणा, बस. खरंच हलकी दिसत होती, आणि ते बघून बरं वाटायला हवं होतं मला. मी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं नीट आत बघितलं, कॉलरचं टिचबटण लावून पाहिलं.

"छान शिवलंय. तुमचं नाव काय?"

एवढ्या वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मी आपली सवयीनं म्हणाले, "मी गौरीची आई."

"गौरी कोण?"

नरसम्मा आतल्या खोलीत होती. पंखा फिरत होता. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"माझी मुलगी. पुण्याला असती."

"कितवीत आहे?"

"कॉलेजला."

"मग मोठी आहे माझ्यापेक्षा," रेवती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं. "मोठी झाली ती."